पत्त्यावरची नावं: शीव, मशीद, पायधुणी आणि गिरगावातलं भाट

गेल्या महिन्यात या पानावर मी लिहिलं होतं की मुंबईतल्या एखाद्या जागेच्या नावाचं कोडं पडलं असेल तर कळवा. पत्रं पिशवीभर आली. माझी सगळी नोकरी टपाल खात्यात गेली, त्यातली पहिली अकरा वर्षं सॉर्टिंगला. समोर लाकडी खणांची भिंत, प्रत्येक खणावर डकवलेली चिठ्ठी, डाव्या हातात पत्रांचा गठ्ठा आणि उजव्या हाताने एकेक पाकीट ज्याच्या त्याच्या खणात. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला होता. तो बसवून देणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे खात्यातले मराठी अधिकारी आणि संस्कृतचे कवी. पण मी लागले तेव्हाही पुष्कळ माणसं ‘मुंबई ४’ नाहीतर ‘मुंबई १२’ एवढंच लिहायची, आणि काही जण तेवढंही नाही. मग नाव वाचूनच खण ठरवायचा. नाव कसं बोललं जातं, इंग्रजीत कसं लिहिलं जातं आणि जागा नेमकी कुठे, याची सांगड घालायची सवय तेव्हा लागली ती आजतागायत सुटलेली नाही.

प्रश्न (डोंबिवली): ताई, लोकलमधून जाताना माझा मुलगा विचारतो, मराठीत शीव आणि सगळे म्हणतात सायन, असं का? शीव म्हणजे शंकराचं देऊळ होतं का तिथे? सायन हे नाव जेरुसलेमच्या टेकडीवरून आलं, असंही ऐकलं.

उत्तर: शीव हा आपला जुना मराठी शब्द आहे आणि त्याचा शंकराशी संबंध नाही. शंकर तो शिव, त्यातला ‘शि’ ऱ्हस्व. ही शीव दीर्घ. शीव म्हणजे गावाची हद्द. ‘शिवेवरचा म्हसोबा’, ‘शिवेचं भांडण’ हे गावाकडे आजही सहज तोंडात येतं. लग्नात आपण सीमांतपूजन करतो ना, तो नवरदेवाचा मान पूर्वी गावच्या शिवेवर जाऊनच द्यायचे.

आता ही शीव कुणाची? मुंबईचं बेट इथे संपायचं. पुढे खाडी आणि खाडीपलीकडे साष्टी. साष्टी म्हणजे सहासष्ट गावांचा मुलूख, इंग्रजांनी त्याचं साल्सेट केलं. (गोव्यात मडगावच्या आजूबाजूची सासष्टी, तिच्याही नावात तेच सहासष्ट आहेत.) मुंबई इंग्रजांकडे आली तरी साष्टी पोर्तुगिजांनी सोडली नव्हती. म्हणून जेराल्ड ऑंजिअर गव्हर्नर असताना, १६६९ ते १६७७ या काळात, इथल्या टेकडीवर किल्ला बांधला गेला. तो पडझडीला आलेला असला तरी अजून उभा आहे. मुलाला एकदा वर घेऊन जा.

पुढे १७३७ मध्ये वसईच्या मोहिमेत साष्टी मराठ्यांनी घेतली, ती १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी बळकावली. म्हणजे मधली सदतीस वर्षं टेकडीवर इंग्रजांचा पहारा आणि समोर कुर्ल्याच्या अंगाला पेशव्यांचा मुलूख. गावच्या हद्दीसाठी वापरायचा साधा शब्द इथे दोन राज्यांच्या हद्दीला लागला होता. अठराव्या शतकाच्या शेवटी, जोनाथन डंकन गव्हर्नर असताना, खाडीवर बांध घालायला घेतला. तो पुरा झाल्यावर माणसं पायी कुर्ल्याला जाऊ लागली.

टेकडीवर पाद्र्यांचं प्रार्थनाघर होतं आणि त्याला जेरुसलेमच्या टेकडीचं नाव दिलं होतं, ही कथा मीही ऐकली आहे. मला ती पटत नाही. जागा बरोबर हद्दीवर आहे आणि हद्दीला आपल्या भाषेत शीवच म्हणतात. मग नाव शोधायला इतक्या दूर कशाला जायचं? इंग्रजांनी शीव ऐकून जे स्पेलिंग केलं ते योगायोगाने त्या टेकडीच्या स्पेलिंगसारखं झालं, आणि ते वाचून वाचून सायन हा उच्चार रूढ झाला.

आमच्या खणावर ‘शीव’ लिहिलेलं असायचं. त्यात शीव, शिव, सायन, सायान, सिऑन अशा सगळ्या पत्त्यांची पत्रं पडायची. सायन म्हणणाऱ्याशी मी भांडत नाही. लोकमान्य टिळक रुग्णालयाला सगळी मुंबई सायन हॉस्पिटल म्हणते, आणि पेशंट घेऊन धावणाऱ्या माणसाला तेच नाव सांगायला हवं. पण घरात मुलाला ‘शीव’ म्हणायला शिकवा. त्या एका शब्दात मुंबई कुठपर्यंत होती ते त्याला कळेल.

प्रश्न (ठाणे): मशीद बंदर स्टेशनला नाव कोणत्या मशिदीचं? जामा मशीद तर क्रॉफर्ड मार्केटपाशी, स्टेशनपासून बरीच लांब.

उत्तर: तुमची शंका बरोबर आहे. ही मशीद ज्यूंची आहे.

आपल्या कोकणकिनाऱ्यावरचे बेने इस्राएल तुम्हाला माहीत असतील. अलिबाग, पेण, दिवेआगर या पट्ट्यात शतकानुशतकं राहिलेले, तेलाचे घाणे चालवणारे. शनिवारी घाणा बंद, म्हणून शेजारीपाजारी त्यांना शनवार तेली म्हणायचे. आडनावं दिवेकर, पेणकर, किहीमकर, नागावकर. प्रार्थना हिब्रूत, बाकी सगळं घर मराठीत. सिनेगॉगला, म्हणजे आपल्या प्रार्थनाघराला, त्यांनी मराठी माणसाच्या कानावरचा शब्द वापरला: मशीद.

त्यांच्यातल्या सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ मध्ये मांडवीच्या भागात मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं. सॅम्युअल इझिकेल हे त्यांचं धर्माप्रमाणे नाव, सॅम्युअल स्ट्रीट त्यांच्याच नावाचा. ते कंपनीच्या फौजेत होते, टिपूच्या कैदेत सापडले आणि जिवंत सुटले म्हणून हे प्रार्थनाघर बांधलं, असं समाजात सांगतात. त्याचं हिब्रू नाव शार हाराहमीम, म्हणजे दयेचं दार. लोकांच्या तोंडी मात्र ‘जुनी मशीद’. रेल्वे आली आणि जवळच्या स्टेशनला लोकांच्या तोंडचंच नाव मिळालं.

मला हे कळलं ते एका पत्रामुळे. नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झाली असतील. परदेशातून आलेलं निळं घडीचं पत्र हातात आलं. पत्ता देवनागरीत, अक्षर मोत्यासारखं, शिरोरेघा पट्टीने ओढल्यासारख्या सरळ: ‘जुन्या मशिदीजवळ, मुंबई’. पिन नाही. मशीद म्हणजे जामा मशीद असं धरून मी ते काळबादेवीच्या खणात टाकलं. आमच्या विभागात एक जुने सॉर्टर होते, सगळे त्यांना तात्या म्हणायचे. त्यांनी ते काढलं, उलटं केलं आणि पाठवणाऱ्याच्या गावावर बोट ठेवलं. लोद, इस्राएल. म्हणाले, ‘अगं पोरी, ही दिवेकरांची मशीद. मांडवीत टाक.’ जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून त्यांनी मला सगळी हकिकत सांगितली. लोद, बीरशेबा, दिमोना या गावांतून अशी मराठी पत्रं पुढेही पुष्कळ आली. आता मी पत्रं उलटी करून बघायला शिकले होते.

प्रश्न (घाटकोपर, इयत्ता नववी): आजी, पायधुणीला कोण पाय धुवायचं? आणि का?

उत्तर: बाळ, मुंबईचा नकाशा समोर घे. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यावर बोट ठेव. आज तिथे हाजी अलीचा सलग रस्ता दिसतो, पण अडीचशे वर्षांपूर्वी तिथे मोठं खिंडार होतं. भरतीला समुद्र त्यातून आत शिरायचा आणि मधला सगळा सखल भाग पाण्याखाली जायचा. ओहोटी लागली की चिखल. वरळी-परळच्या बाजूने मुंबईच्या मुख्य बेटावर यायचं तर तो चिखल तुडवत यावं लागे. बेटाच्या काठाशी ओढ्यासारखं पाणी असायचं. गावात शिरण्याआधी लोक तिथे पाय धुवायचे. म्हणून पायधुणी. घरात येताना आपण उंबऱ्याबाहेर पाय धुतो, तसंच.

मग विल्यम हॉर्नबी नावाच्या गव्हर्नरच्या काळात त्या खिंडारावर बांध घातला गेला. तो १७८४ मध्ये पुरा झाला. त्याला हॉर्नबी व्हेलार्ड म्हणायचे. व्हेलार्ड हा पोर्तुगीज शब्दावरून आलेला, अर्थ बांध किंवा कुंपण. आज त्या रस्त्याला लाला लजपतराय मार्ग म्हणतात. बांध पुन्हा पुन्हा ढासळत होता, तेव्हा रामजी शिवजी या पाठारे प्रभू गृहस्थांना स्वप्नात देवी दिसली, समुद्रातून मूर्ती काढल्यावर बांध टिकला आणि मग महालक्ष्मीचं देऊळ झालं, अशी दंतकथा आहे. आत समुद्र यायचा थांबला आणि पायधुणीचं पाणी आटलं. पण लोक नाव बदलायला गेले नाहीत.

शेजारची उमरखाडी तशीच. उंबराची खाडी. मुंबई आणि माझगाव ही दोन वेगळी बेटं होती तेव्हा त्यांच्यामध्ये ही खाडी होती. आज तिथे उभं राहिलं तर चारी बाजूंना इमारती दिसतात.

तुझ्या वर्गातल्या मैत्रिणींना आणखी एक काम दे. धोबीतलाव, सी. पी. टँक, गोवालिया टँक, दोन टाकी या चारही ठिकाणी जाऊन पाणी शोधा म्हणावं. मिळणार नाही. धोबीतलावावर धोबी कपडे धुवायचे. सी. पी. म्हणजे कावसजी पटेल, त्यांच्या नावाचा तलाव. गोवालिया टँकवर गुराखी गाईंना पाण्यावर आणायचे. तो बुजवून झालेल्या मैदानावरच ऑगस्ट १९४२ मध्ये ‘चले जाव’ची हाक दिली गेली, म्हणून आज ते ऑगस्ट क्रांती मैदान. १८६० मध्ये विहार तलावाचं पाणी नळाने शहरात आलं, तळ्यांची गरज कमी झाली, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिवतापाच्या डासांमुळे विहिरी आणि तळी बुजवायला लागले.

एक जुनं तळं मात्र मला दाखवता येईल. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या जामा मशिदीच्या पोटात आहे. दगडी कमानी थेट पाण्यातून वर आलेल्या, खाली जिवंत झऱ्यांचं पाणी आणि त्यात मासे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कितीतरी वेळ तिथून हलले नाही.

प्रश्न (कोल्हापूर): मी गाणं शिकते. आमच्या गुरूंकडे भेंडी बाजार घराण्याच्या बंदिशी आहेत. एक जण म्हणाले, क्रॉफर्ड मार्केटच्या मागचा भाग म्हणून इंग्रज त्याला ‘बिहाइंड द बझार’ म्हणत, त्याचं भेंडी बाजार झालं. खरं आहे का?

उत्तर: गोष्ट ऐकायला छान आहे, म्हणूनच ती इतकी पसरली. पण माझं मत झाडाच्या बाजूने आहे. ही भेंडी भाजीतली नव्हे. भेंडीचं झाड कोकणात खाडीकाठी सर्रास दिसतं. पानं पिंपळासारखी, म्हणून कुणी त्याला पारोसा पिंपळ म्हणतात. फूल सकाळी पिवळं, आत गर्द तांबडा ठिपका, आणि संध्याकाळपर्यंत सगळं फूलच लालसर होऊन गळतं. खारवट जमीन त्याला मानवते. आता शेजारची नावं बघा: उमरखाडीत उंबर, चिंचबंदरात चिंच, थोडं उत्तरेला चिंचपोकळीत पुन्हा चिंच. खाडीकाठच्या वस्तीला लोक डोळ्यासमोरच्या झाडाचं नाव देत होते. या ओळीत भेंडी अगदी सहज बसते. आणि बाजारात वावरणारी माणसं मराठी, गुजराती, कच्छी, उर्दू बोलणारी. त्यांनी आपल्या वस्तीला साहेबाच्या तोंडचं अख्खं इंग्रजी वाक्य का घ्यावं? क्रॉफर्ड मार्केट तर १८६९ मधलं.

तुमच्या घराण्याचं म्हणाल तर छज्जू खाँ, नझीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे तिघे भाऊ उत्तरेतून येऊन या वस्तीत राहिले, म्हणून वस्तीचं नाव गाण्याला लागलं. आपल्या गोव्याच्या अंजनीबाई मालपेकर नझीर खाँसाहेबांकडेच शिकल्या. रियाजाला बसाल तेव्हा ते पिवळं फूल एकदा डोळ्यासमोर आणा.

प्रश्न (नाशिक): चर्चगेटला चर्चही दिसत नाही आणि गेटही. मग?

उत्तर: चर्च आहे, स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांवर: हॉर्निमन सर्कलजवळचं सेंट थॉमस, १७१८ चं. त्या चर्चच्या दिशेने उघडणारा किल्ल्याच्या तटाचा दरवाजा तो चर्चगेट. तट पाडला १८६० च्या दशकात, बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना. दरवाजा होता त्या भागात आता फ्लोरा फाउंटन आहे. तटाचे आणखी दोन दरवाजे होते, अपोलो गेट आणि बाजार गेट. बाजारगेट स्ट्रीट अजून आहे.

प्रश्न (सोलापूर): आमचे पणजोबा मुंबईत कामाठीपुऱ्यात राहायचे. आमच्या घरात तेलुगू बोलतात. हे नाव निघालं की मोठी माणसं विषय बदलतात. नावाचा अर्थ काय?

उत्तर: कामाठी म्हणजे काम करणारी माणसं. निजामाच्या राज्यातल्या तेलुगू मुलखातून बांधकामाच्या मजुरीला आलेले लोक. वर सांगितलेला हॉर्नबीचा बांध घातल्यावर जी सखल जमीन कोरडी झाली, तिथे त्यांची वस्ती वसली आणि वस्तीला त्यांचंच नाव मिळालं. दगड फोडणं, भराव घालणं, इमारती उठवणं, ही सगळी अंगमेहनत त्यांनी केली. मुंबईत जमातीच्या, धंद्याच्या नावाच्या जागा पुष्कळ आहेत, पण हिच्या नावातच कष्ट आहेत. पुढच्या काळात त्या गल्ल्यांना जे नाव पडलं त्यात तुमच्या पणजोबांचा काही दोष नाही.

तिथल्या गल्ल्यांना नंबर आहेत. ‘कामाठीपुरा, पाचवी गल्ली’ अशा पत्त्याची पत्रं मी रोज हाताळली आहेत. कधी सगळा मजकूर तेलुगूत आणि फक्त गल्लीचा आकडा वाचता येणारा. सणाच्या आधी मनीऑर्डरी मात्र उलट्या दिशेने जायच्या, गावाकडे. घरात विषय निघाला तर मोठ्या माणसांना हे वाचून दाखवा.

प्रश्न (गिरगाव): मी जन्मापासून मुगभाटात राहतो. मुलांना वाटतं, मुग नावाचे कोणी भट इथे राहत असावेत. नेमकं काय?

उत्तर: मीही गिरगावातली, त्यामुळे हे पत्र मी मुद्दाम शेवटी ठेवलं. भट नव्हे, भाट. इंग्रजी पाटीवर दोन्ही सारखंच दिसतं, त्यातून हा घोटाळा. गोव्यात भाट म्हणजे माडांची बाग, बागायतीची जमीन. जमीनमालक तो भाटकार. मुंबईवर सव्वाशे वर्षांहून अधिक पोर्तुगिजांचा अंमल होता, आणि किनारपट्टीची बोली वरपासून खालपर्यंत एकमेकींच्या नात्यातली. मुगाचं ते मुगभाट, बोरींचं ते बोरभाट.

माझी आजी पेडण्याची. दम्याच्या औषधासाठी ती पहिल्यांदा मुंबईला आली तेव्हा मी तिला हात धरून ठाकुरद्वारापर्यंत नेलं होतं. चाळींच्या गॅलऱ्या, वाळत घातलेली लुगडी, खाली ट्रकमधून उतरणारे कांद्याचे पोते. मी तिला नावं वाचून दाखवत होते: केळेवाडी, फणसवाडी, कांदेवाडी, आंबेवाडी, खेतवाडी. मुगभाट म्हटल्यावर ती थांबली. तिने मान वर करून इमारतींच्या मधल्या आभाळाच्या पट्टीकडे पाहिलं आणि विचारलं, इथे माड किती होते? मला सांगता आलं नाही. मग ती स्वतःच बोटं मोडत मोजायला लागली, एका घराच्या जागेत अमुक माड, एका चाळीच्या जागेत तमुक. ठाकुरद्वार येईपर्यंत तिने अख्खं भाट लावून टाकलं होतं.

तुमच्या मुलांना सांगा की मुगभाट हा शेताचा पत्ता आहे, आणि पाटीवर कान्याशिवाय लिहिलेलं दिसलं तर काना द्यायला सांगा.

पुढच्या अंकात खाडी ओलांडून साष्टीत शिरू: इर्ले आणि पाडळे मिळून झालेलं विलेपार्ले, बोरींची बोरिवली, चुनाभट्टी. तिकडच्या आगरी, कोळी आणि ईस्ट इंडियन (म्हणजे इथल्याच मूळच्या ख्रिस्ती) घरांतल्या वाचकांना एक विनंती. पाड्याचं नाव लिहाल तेव्हा घरातलं सगळ्यांत वयस्कर माणूस ते कसं उच्चारतं, तेही देवनागरीत लिहून पाठवा. आणि कपाटात एखादं जुनं पाकीट असेल, ज्यावर त्या पाड्याचा पत्ता हाताने लिहिलाय, तर त्याचा फोटो जोडा. शिक्क्यावरची तारीख वाचता येईल असा.